लो गिअरची मीमांसा : भोर-वेल्हे खंड

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके शिवकाळात हिरडस, गुंजण, कानद, वेळवंड अशा मावळांसाठी प्रसिद्ध होते. आज ते प्रामुख्याने शनिवार आणि रविवार या दोन दिवसांसाठी प्रसिद्ध आहेत. या दोन दिवशी चेलाडी फाट्यावरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे, म्हणजे ज्याचे नाव आता राजगड तालुका असे झाले आहे तिकडे, आणि कापूरहोळवरून भोरकडे वळणाऱ्या वाहनांत एक विशिष्ट वर्ग नजरेत भरतो. या वर्गातील वाहनाची चाके कंपनीने दिलेल्या चाकांपेक्षा मोठी असतात, बॉनेटच्या कडेने एक काळी नळी छपरापर्यंत गेलेली असते, छपरावरील लोखंडी जाळीत इंधनाचा रिकामा कॅन आणि एक फावडे बांधलेले असते, आणि फावड्याच्या दांड्यावर दुकानातील किमतीची चिठ्ठी बहुधा शाबूत असते. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवू शकणाऱ्या अशा वाहनास सर्वजण फोर बाय फोर म्हणतात. ते घेताना गिअर, सस्पेन्शन आणि इंजिन यांची निवड कशी होते, आणि ज्या भूमीवर ते चालवायचे त्या भूमीचे या निवडीबद्दल काय मत आहे, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

प्रथम भूमीचे स्वरूप. कानंदी, गुंजवणी, वेळवंडी आणि नीरा यांची खोरी, त्यांच्यामधून पूर्वेकडे उतरत गेलेल्या डोंगररांगा, उतारावर कातळ, तळाशी भातखाचरे, आणि पश्चिमेला केळद, मोहरी, शिरगाव या गावांच्या पलीकडे कोकणात तुटणारे कडे, अशी ही रचना आहे. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच पडून मोकळा होतो. एके काळी या भागातील कित्येक वाड्यांपर्यंत बैलगाडी आणि जीप यांखेरीज काही पोहोचत नसे. पुढे राज्य सरकारच्या योजना आणि २००० साली सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना यांमुळे डांबर एकेका वाडीच्या उंबऱ्याशी आले, आणि येथेच या विषयातील पहिला सिद्धान्त हाती लागतो: या तालुक्यांत डांबर जसजसे वाढत गेले, तसतशी तेथे येणाऱ्या वाहनांची चिखलात चालण्याची क्षमताही वाढत गेली. रस्ते नव्हते तेव्हा शहरातील माणसे एस.टी.ने येत आणि पुढे पायी जात. रस्ते झाल्यावर ती रस्ता नसला तरी चालेल अशा गाडीने येऊ लागली.

गिअरचा विचार टॉर्कपासून सुरू करावा लागतो. टॉर्क म्हणजे पीळ देण्याची ताकद. एक मीटर लांबीचा पाना नटाला आडवा लावून त्याच्या टोकाला तीस किलोचे वजन टांगले, तर नटावर पडणारा पीळ साधारण ३०० न्यूटन-मीटर भरतो, आणि महिंद्र थारचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन जास्तीत जास्त एवढाच पीळ देते. तीस किलो म्हणजे इंद्रायणी तांदळाचा एक कट्टा, हे ऐकून लाखो रुपये मोजलेल्या मालकाचा चेहरा उतरणे स्वाभाविक असले, तरी त्याने धीर सोडू नये, कारण गिअर हे या कट्ट्याला गुणण्याचेच यंत्र आहे. लहान दातेरी चाक चार वेळा फिरल्यावर त्याला जोडलेले मोठे चाक एकदा फिरत असेल, तर वेग एक चतुर्थांश होतो आणि पीळ चौपट होतो. निसर्ग यात वेगाच्या बदल्यात पीळ देतो, फुकट काहीच देत नाही.

हा गुणाकार फोर बाय फोर वाहनात तीन ठिकाणी होतो. पहिला मुख्य गिअरबॉक्समधील पहिल्या गिअरमध्ये. दुसरा ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती पुढच्या आणि मागच्या आसांत वाटणाऱ्या पेटीत, जिच्या ‘लो’ या स्थितीत गती आणखी कमी केली जाते. आणि तिसरा आसावरील क्राऊन आणि पिनियन या जोडीत, जिला अंतिम गुणोत्तर म्हणता येईल. या तिन्ही आकड्यांच्या गुणाकारास जाणकार क्रॉल रेशो म्हणतात आणि जाणकार नसलेले अधिक मोठ्याने क्रॉल रेशो म्हणतात. उदाहरणादाखल पहिला गिअर ४, ‘लो’ अडीच आणि अंतिम गुणोत्तर ४ धरले, तर गुणाकार ४० येतो, म्हणजे इंजिन चाळीस वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांनी नुसते घुटमळत असेल आणि चाकाचा परीघ २.४ मीटर असेल, तर गाडी मिनिटाला ४८ मीटर, म्हणजे ताशी तीन किलोमीटरहूनही कमी वेगाने सरकते. डोक्यावर गवताचा भारा घेऊन घराकडे निघालेली बाई या गाडीला सहज मागे टाकते, आणि ती मागे टाकते हीच या यंत्राची खरी थोरवी आहे: कातळाच्या पायरीवर किंवा निसरड्या उतारावर चालकाला ब्रेक आणि क्लच यांच्याशी न झगडता पायी चालणाऱ्याहूनही सावकाश जाता यावे, एवढ्यासाठीच ‘लो’चा जन्म झाला. ‘लो’ नसेल तर तीच गाडी ताशी सात किलोमीटरने जाईल आणि सात किलोमीटरने कातळावर आदळणे व तीनने चढणे यांत गॅरेजच्या बिलाचा फरक असतो.

ही व्यवस्था नवी नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४१ ते १९४५ या काळात बनलेल्या विलीस जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे असत, एक पुढचा आस जोडण्यासाठी आणि दुसरा ‘लो’ टाकण्यासाठी. इंजिन अवघे साठ अश्वशक्तीचे होते. त्याच घराण्यातील जीपची जुळणी महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली आणि तिची पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलेली वंशावळ थारपर्यंत येऊन पोहोचते. फरक एवढाच, की विलीसच्या चालकाला ‘लो’चा दांडा सांगण्यापुरताही वेळ नव्हता, तर आजच्या मालकाचा क्रॉल रेशो चाळीस की पंचेचाळीस हा वाद खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर सुरू होतो, मिसळीच्या जादा रश्श्यापर्यंत टिकतो आणि डांबर संपण्याच्या ठिकाणी, म्हणजे जेथे त्याचा उपयोग व्हायचा नेमक्या तेथे, ‘पुढे रस्ता चांगला दिसत नाही’ या निष्कर्षाने मिटतो.

‘लो’चा दांडा त्यामुळे अनेक वाहनांत अक्षत राहतो. पुस्तिकेत सांगितलेले असते की तो अधूनमधून टाकून पाहावा, म्हणजे आतील भागांना तेल पोहोचते. हे वाचणारे मालक तो विधी सोसायटीच्या आवारातील सिमेंटवर उरकतात आणि तेथे एक नवे संकट ओढवून घेतात. बहुतेक फोर बाय फोर गाड्यांत पुढचा आणि मागचा आस जोडला की दोन्ही एकमेकांना जखडले जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा लांबचे अंतर कापायचे असते. चिखलात चाक घसरून हा हिशेब परस्पर मिटवते, कोरड्या सिमेंटवर ते घसरू शकत नाही, मग ताण गाडीच्या पोटात साठतो, स्टिअरिंग जड होते आणि गाडी आखडत, धक्के देत वळते. हा धक्का म्हणजे वाढलेल्या शक्तीची प्रचीती होय, असे मालक मानतो आणि वॉचमनकडे समाधानाने पाहतो.

याउलट गिअरची खरी गरज जेथे रोज असते, तेथे तो कुणाला आठवत नाही. पाबे घाट चढून वेल्ह्याहून पानशेतकडे उतरणाऱ्या किंवा वरंध घाटाने भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वाहनाला ‘लो’ची आवश्यकता नसते, कारण दोन्हीकडे डांबर आहे, आवश्यकता असते ती दुसऱ्या गिअरची, म्हणजे इंजिनाच्या अडथळ्यावर गाडी तोलून धरण्याची. पण तीन ठिकाणी गुणाकार विकत घेतलेला मनुष्य उतारावर चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरतो आणि घाटाच्या पायथ्याशी ब्रेक लायनिंगचा करपट वास आला की ‘कुणाची तरी गाडी जळतेय’ असे खिडकी खाली करून म्हणतो. त्याच्या मागून भोर आगाराची लाल एस.टी., जिला ना ‘लो’ आहे ना पुढचा आस फिरतो, दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत, हॉर्न देत, त्याला मागे टाकून निघून जाते.

गिअरच्या शास्त्रातील सर्वांत खर्चिक प्रकरण टायरचे आहे. चाकाचा व्यास तीसवरून तेहतीस इंच केला, की परीघ दहा टक्क्यांनी वाढतो, इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर जाते, आणि म्हणून विकत घेतलेला पीळ सुमारे नऊ टक्के वजा होतो; शिवाय वेगदर्शक काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. हरवलेला पीळ परत आणण्यासाठी क्राऊन-पिनियन बदलावे लागते. मोठे टायर चाकाच्या कमानीला घासतात म्हणून गाडी उचलावी लागते, म्हणजे अधिक उंच स्प्रिंग बसवून तिला लिफ्ट द्यावी लागते; उचलल्यावर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे आसाकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो आणि त्याचे जोड कुरकुर करू लागतात; जड चाके थांबवताना मूळ ब्रेक अपुरे वाटतात. एवढे सगळे झाल्यावर गाडी इतकी उंच होते की घरातील आजींना तीत चढता येत नाही, म्हणून दाराखाली लोखंडी पायरी लावली जाते, आणि ही पायरी जमिनीच्या बाजूने नेमकी तेवढीच खाली येते जेवढी गाडी वर गेली होती. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने वाहन जेथून निघाले तेथे परत आलेले असते. मधल्या काळात गॅरेजवाल्याने मात्र बरीच प्रगती केलेली असते.

या खर्चाला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला. तरीही लिफ्ट दिलेली गाडी ‘कंपनीतूनच अशी आलीय’ असे सांगणारे लोक भेटतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कंपनीने त्यांना व्यक्तिशः कळवले असावे असे वाटते.

डिफरन्शियल हा विषय मात्र थट्टेचा नाही. आसाच्या मधोमध असलेली ही गिअरची रचना वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते, पण तिचा स्वभाव असा की ज्या चाकाला फिरणे सोपे जाते त्याच्याकडे ती गती सोडून देते. एक चाक भातखाचराच्या बांधावर अधांतरी राहिले, तर ते भिंगरी होते आणि जमिनीवर पकड असलेले दुसरे चाक स्वस्थ बसून राहते. यावर उपाय म्हणजे लॉक, म्हणजे दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरण्यास भाग पाडणारी कळ. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांना असे यांत्रिक लॉक देते. थारच्या काही प्रकारांत मागील आसावर आपोआप बसणारा लॉक असतो. मारुतीची जिम्नी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून शक्ती दुसऱ्या चाकाकडे वळवते. पुढचा लॉक टाकल्यावर गाडी वळण्यास नाखूश होते, म्हणून तो अडकल्यावर टाकून सुटल्यावर लगेच काढायचा असतो. व्यवहारात मागे एक लॉक, समोर शांत डोके आणि बाजूला खाली उतरून दगड लावण्यास तयार असलेला मित्र, एवढ्यात या तालुक्यांतील बहुतेक संकटे सुटतात.

अपवाद भाटघरच्या गाळाचा. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या तेथील लॉईड धरणाचे पाणी उन्हाळ्यात भुतोंड्याच्या बाजूने मागे हटत जाते आणि जलाशयाचा तळ उघडा पडतो. वरची साय उन्हाने वाळून तडकलेली असते. तिच्यावर गुरे चरत असतात, पोरे क्रिकेट खेळत असतात, आणि हे पाहून चाळीसचा क्रॉल रेशो बाळगणाऱ्याला तेथे जाण्याचा मोह आवरत नाही. सायीखाली मऊ, काळा, दम धरून बसलेला गाळ असतो. गाय चार पायांवर काही क्विंटल पेलते आणि पाय रुतला तर उपसून काढते. दोन टनांची गाडी साय फोडून आसापर्यंत बसते, तिचे पोट गाळावर टेकते, आणि पोट टेकल्यावर चारही चाके फिरली काय, लॉक टाकला काय, गाडी फक्त आपला खड्डा अधिक नीट करते. येथे छपरावरील फावड्याची चिठ्ठी प्रथमच निघते. पाऊण तासाने गावातून ट्रॅक्टर येतो; मालक निरनिराळ्या रंगांचे पट्टे आणि कड्या मांडून त्यांची वजने पेलण्याची क्षमता सांगत असतो, तोवर ट्रॅक्टरवाला आपली साखळी अडकवतो, चाकाला दगडाची उटी लावतो आणि सांगतो, ‘साहेब, गेर न्यूट्रल करा आन् खाली उतरा.’ गिअरशास्त्रावरील एवढे थोडक्यात आणि एवढे अचूक विधान अन्यत्र आढळत नाही.

सस्पेन्शनच्या बाबतीत जुना वाद पाट्यांचा आणि गुंडाळी स्प्रिंगचा आहे. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. त्या वजन उत्तम पेलतात, तुटल्यास खेड्यातही बदलता येतात आणि ओझे वाढले तर आणखी एक पाटा चढवता येतो. त्यांचा दोष असा, की गाडी रिकामी असताना त्या वाकतच नाहीत आणि प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या मणक्यापर्यंत पोहोचवतात. महिंद्रच्या जुन्या जीपा, कमांडर आणि फोर्सचे पूर्वरूप असलेल्या बजाज टेम्पो कंपनीची ट्रॅक्स या वाहनांनी याच पाट्यांवर या तालुक्यांतील वडाप वर्षानुवर्षे चालवले. वडापचा चालक गाडी गच्च भरल्याखेरीज सोडत नाही यामागे केवळ लोभ आहे असा शहरी समज आहे. वस्तुतः आठ-दहा माणसे, दोन करंडे आणि एक बकरी चढेपर्यंत पाटे आपल्या योग्य स्थितीत येतच नाहीत, आणि मागे लोंबकळणारा शेवटचा प्रवासी हा त्या रचनेचा बारीक समायोजनाचा स्क्रू असतो.

आजच्या गाड्यांत गुंडाळी स्प्रिंग असतात. मागे बहुतेकांना सलग आस असतो, म्हणजे दोन्ही चाके एकाच दांड्यावर बांधलेली असतात आणि एक वर गेले की दुसरे आपसूक खाली दाबले जाते. पुढे थार आणि गुरखा यांना प्रत्येक चाक स्वतंत्रपणे हलणारी रचना आहे, तर जिम्नीला पुढेही सलग आस आहे. सलग आस खाचखळग्यांत जमीन सोडत नाही, स्वतंत्र रचना महामार्गावर सुखाची असते. आता निवडीचा प्रश्न असा, की कात्रजपासून चेलाडीपर्यंतचा महामार्ग, तेथून वेल्ह्यापर्यंतचे डांबर आणि त्यापुढील शेवटचा काही शे मीटरचा कच्चा तुकडा, यांतल्या कोणत्या भागासाठी गाडी घ्यायची. तर्कशास्त्र महामार्गाच्या बाजूने कौल देते. खरेदीदार त्या शेवटच्या तुकड्यासाठी सस्पेन्शन घेतो, आणि तो तुकडा आल्यावर गाडी सावलीत लावून कणीस खात पायी जातो. महाजालावर विकली जाणारी लांब पल्ल्याची सस्पेन्शने अमेरिकेतील युटाच्या वालुकाश्मासाठी आणि छपरापर्यंत जाणारी नळी प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील धुळीच्या रस्त्यांसाठी उपयोगी पडते, कारण तेथे शेकडो किलोमीटर धूळ आणि तितक्याच अंतरावर पुढचा इंधनपंप असतो. वेल्हे पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे आणि पंप वाटेतच आहे. रिकामा कॅन छपरावर नेण्याचे प्रयोजन त्यामुळे संशोधनास खुले राहते.

त्या नळीविषयी थोडे. स्नॉर्केल नावाची ही नळी इंजिनाला उंचावरून हवा पुरवते, म्हणजे पाण्यात शिरल्यावर इंजिन पाणी ओढत नाही. थार साडेसहाशे आणि गुरखा सातशे मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे त्यांचे निर्माते सांगतात. तथापि फरशी पुलावरून पाणी वाहत असताना प्रश्न खोलीचा नसून ओढीचा असतो. वाहते पाणी गुडघ्याखाली असले तरी गाडीला कडेला ढकलू शकते, आणि ढकलल्या गेलेल्या गाडीला श्वास घेता येतो का, हा प्रश्न गौण ठरतो. पावसात वरंध घाट प्रशासन वाहतुकीसाठी बंद करते ते दरडींमुळे. दरडीवर नळीचा उपाय नाही.

इंजिनाची निवड त्या मानाने सोपी आहे आणि म्हणूनच तिच्यावर सर्वाधिक भांडण होते. डिझेल इंजिन पीळ कमी फेऱ्यांवर देते. थारचे डिझेल ३०० न्यूटन-मीटर सोळाशे फेऱ्यांपासूनच देऊ लागते, २०२४ च्या गुरखाचे २.६ लिटरचे इंजिन ३२०. जिम्नीचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन चार हजार फेऱ्यांवर १३४ देते, म्हणजे निम्म्याहून कमी. पण ती गाडी साधारण बाराशे किलोची आहे आणि थार सतराशेच्या पुढे, त्यामुळे चिखलात हलकी गाडी कमी बुडते आणि कमी बुडालेल्या गाडीला कमी पीळ पुरतो. हा हिशेब शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. तो नांगराला बैल जोडताना ताकदीइतकेच वजनही पाहतो. डिझेलवाल्यांनी एक नवी बाबही ध्यानात घ्यावी. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकांनंतर डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती जळून साफ होण्यासाठी गाडी काही काळ सलग, गरम होईपर्यंत पळावी लागते. आठवडाभर कर्वे रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या थारची गाळणी तुंबू लागते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. वेल्ह्याची रविवारची सहल ही या अर्थाने मालकाच्या मनाची नव्हे, धुरांड्याची गरज असते, आणि घरी तसेच सांगावे.

जानेवारी २०२३ मध्ये थारचा असा एक प्रकार बाजारात आला की ज्याला पुढचा आस फिरवण्याची सोयच नाही. दीड लिटरचे डिझेल, मागच्या चाकांना शक्ती, रूप मात्र जवळपास तेच. या गाडीचे मालक प्रामाणिक असतात, फक्त ते मढे घाटाच्या वाहनतळावर गाडी बाजूने भिंतीला चिकटवून उभी करतात, म्हणजे ‘फोर बाय फोर’चा बिल्ला जेथे असायचा ती जागा दिसत नाही. त्यांच्याविषयी सहानुभूतीने सांगायचे, तर त्या वाहनतळापर्यंत दोन्ही गाड्या सारख्याच आल्या आहेत, आणि त्यांच्या आधी दूध पोहोचवणारी पिकअपही आली आहे, तीही मागच्याच चाकांवर, कॅनांच्या वजनाने मागचे टायर जमिनीत दाबून धरत.

या भूमीवरचे खरे ‘लो’ शोधायचे असेल तर जुलैमध्ये खाचरात पाहावे. चिखलणीच्या वेळी, म्हणजे भात लावण्यापूर्वी पाणी साठवून माती घोटली जाते तेव्हा, लोखंडी पिंजऱ्याची चाके लावलेला ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर गुडघाभर चिखलात सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो, आणि त्याच्या चालकाला कुणी क्रॉल रेशो विचारल्यास तो विचारणाऱ्यालाच बांधावरून खाली उतरायला सांगतो. भोर तालुक्यातील रायरेश्वराचे प्रकरण याहून पुढचे आहे. साडेचार हजार फुटांच्या आसपास उंचीच्या या पठारावर वस्ती आणि शेती आहे, वर जाण्याच्या वाटेवर लोखंडी शिडी आहे, गाडीरस्ता नाही. काही वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर घेतला, पायथ्याशी तो सुटा केला, इंजिन, चाके, आस असे भाग माणसांनी खांद्यावरून शिडीने वर नेले आणि पठारावर पुन्हा जोडून शेतात घातला. अंतिम गुणोत्तर, ट्रान्स्फर केस, लिफ्ट या सर्वांचा विचार करूनही या निवडीइतका नेमका तोडगा कोणत्याही कंपनीच्या पर्यायपत्रकात सापडत नाही.

तेव्हा भोर-वेल्ह्यासाठी फोर बाय फोर घेऊ इच्छिणाऱ्याला निर्णय असा द्यावा लागतो: ‘लो’ अवश्य घ्यावे आणि निसरड्या उतारावर वापरावे, लॉक मागचा पुरतो, सस्पेन्शन कंपनीने दिले तसे ठेवावे, माणसे आणि सामान जास्त असेल तर डिझेल, नसेल तर हलकी पेट्रोल गाडी. उरलेल्या पैशांतून चांगले, पण मूळ मापाचे टायर आणि हवा भरण्याचा एक लहान पंप घ्यावा, कारण चिखलात किंवा गोट्यांवर टायरची हवा तीसवरून वीस पौंडांपर्यंत उतरवली की टायर पसरतो, त्याची जमिनीवरील पकड लांबते, आणि हा सर्वांत परिणामकारक पर्याय फुकट असल्यामुळे तो कुणीच निवडत नाही. पंप यासाठी, की डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी लागते आणि हवा भरणारे दुकान मार्गासनीला असते, मोहरीला नसते. लावणी झालेल्या खाचराच्या बांधावर चाक घालू नये. तो कुणाच्या तरी वर्षभराच्या तांदळाचा काठ आहे, आणि ट्रॅक्टरही बहुधा त्याच्याच भावकीत असतो. शेवटची सूचना गाडी ओढण्यासाठी लावायच्या कडीबद्दल. ती कोठे ठेवलेली असते आणि कोठे बसवायची, हे पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. ते पान पुण्यातच वाचून घ्यावे, केळदला मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही.